नव्या सभासदाचे प्रश्न

तुमच्या शाळेत एखादे छंद मंडळ असेल. छंद म्हणजे शौक. कुठे पक्षी पाहणाऱ्यांचे मंडळ असते, कुठे बुद्धिबळ खेळणाऱ्यांचे, तर कुठे टपाल तिकिटे जमवणाऱ्यांचे. टपाल म्हणजे डाक, हे तुम्हांला माहीत आहेच. मंडळ कोणतेही असो, जून-जुलै महिन्यांत तेथे एक गोष्ट हमखास घडते. पाचवी-सहावीची नवी मुले येतात आणि दरवर्षीचेच प्रश्न पुन्हा विचारतात.

पहिल्या आठवड्यात जुने सभासद हौसेने उत्तरे देतात. दुसऱ्या आठवड्यात उत्तरे आखूड होतात. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणतो, "एवढेही ठाऊक नाही?" आजूबाजूची मुले हसतात. तो नवा मुलगा पुन्हा प्रश्न विचारत नाही. ऑगस्टमध्ये त्याची जागा रिकामी दिसते. मंडळाला वाटते, त्याला आवडच नव्हती. खरे तर त्याला आवड होती, म्हणूनच तो आला होता. त्याला उत्तर मिळाले नाही, एवढेच.

यावर एक उपाय आहे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका कागदावर लिहायची आणि तो कागद प्रत्येक नवख्याच्या हाती द्यायचा. नवखा म्हणजे नौसिखिया. उपाय सोपा दिसतो, पण असा कागद चांगला लिहिणे निबंध लिहिण्यापेक्षा अवघड आहे. निबंधात आपल्याला जे येते ते लिहायचे असते. येथे दुसऱ्याला काय येत नाही, ते आधी ओळखावे लागते. तो कसा लिहावा, हे आपण टपाल तिकिटांच्या मंडळाचे उदाहरण घेऊन पाहू.

तुम्ही अशा कागदाला उर्दूत सवाल-जवाब म्हणाल. मराठीतही हा शब्द आहे, पण तो ऐकला की लोकांना तमाशातला सवाल-जवाब आठवतो. तमाशात एक पक्ष गाण्यातून अवघड सवाल टाकतो आणि दुसऱ्या पक्षाने त्याचा जवाब द्यायचा असतो. समोरच्याला अडवणे, हीच तेथे गंमत असते. आपल्या कागदाचे काम याच्या अगदी उलट आहे. येथे कोणीही अडता कामा नये.

पहिला मुद्दा, प्रश्न आणायचे कोठून? पुष्कळ मंडळांत चार जुने सभासद एकत्र बसतात आणि आपल्या मनाने प्रश्न तयार करतात. मग पहिला प्रश्न येतो, "टपाल तिकीट संग्रह म्हणजे काय?" आता सांगा, हा प्रश्न कधी कोणत्या मुलाने विचारला आहे? जो मुलगा हातात तिकीट घेऊन दारात उभा आहे, त्याला या छंदाची व्याख्या नको असते. हातातल्या तिकिटाचे काय करायचे, हे त्याला हवे असते.

म्हणून तिकिटांच्या पेटीजवळ एक वही ठेवा. महिनाभर जो जो प्रश्न येईल तो तिच्यात लिहा, आणि विचारणाऱ्याच्या शब्दांतच लिहा. त्याने उर्दूत विचारला तर उर्दूत लिहा. शब्द सुधारू नका. एखादा मुलगा विचारतो, "बाजी, पाकिटावरून तिकीट न फाडता कसे काढायचे?" जुना सभासद वहीत लिहितो, "तिकीट विलग करण्याची पद्धत". असे लिहिताच प्रश्न हरवला. नव्या मुलाला 'विलग' हा शब्द माहीत नाही. कागद त्याच्या हातात असूनही त्याला आपला प्रश्न त्यात सापडणार नाही.

महिन्याच्या शेवटी वही उघडा आणि कोणता प्रश्न किती वेळा आला ते मोजा. जो पुन्हा पुन्हा आला तो कागदावर घ्यायचा. जो एकदाच आला त्याचे उत्तर तोंडी द्यायचे. आमच्या शाळेतल्या मंडळात एकाने विचारले होते, "या तिकिटाला वास येतो, हे खराब झाले आहे का?" प्रश्न मोठा गोड होता. भारतीय टपाल खात्याने २००६ साली चंदनाच्या वासाचे आणि २००७ साली गुलाबाच्या वासाची तिकिटे काढली होती, त्यांपैकीच एक त्याच्या हाती लागले होते. सगळ्यांनी ते हुंगून पाहिले. पण तो प्रश्न कागदावर घेतला नाही, कारण तो पुन्हा कोणी विचारला नाही.

दुसरा मुद्दा क्रमाचा. कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर? सोपा आधी आणि अवघड नंतर, असे तुम्ही म्हणाल. माझे मत वेगळे आहे. ज्या चुकीने झालेले नुकसान पुन्हा भरून निघत नाही, तिच्याविषयीचा प्रश्न सर्वांत वर हवा. याचे कारण सांगतो.

सहावीतल्या एका मुलीला घरच्या जुन्या पेटीत तिच्या पणजोबांचे एक पाकीट सापडले. पाकिटावर निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे तिकीट होते. त्या संस्थानाची टपाल तिकिटे स्वतंत्र होती आणि आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणून त्याच्या अनेक तिकिटांवर उर्दू, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर मराठीही आढळते. म्हणजे तुम्ही शाळेत ज्या दोन लिप्या वाचता, त्या दोन्ही एका बोटाएवढ्या कागदावर! मुलीने मंडळातल्या एका मोठ्या मुलाला विचारले, "घरी जुन्या पाकिटावर तिकीट आहे, ते कसे आणू?" तो म्हणाला, "घेऊन तर ये, मग बघू." तिने घरी जाऊन कात्रीने तिकीट अगदी कडेकडेने कापले. तिकिटाच्या कडेचे दाते कापले गेले. टपालाचा गोल शिक्का अर्धा तिकिटावर आला आणि अर्धा पाकिटावर राहिला. उरलेले पाकीट त्याच दिवशी रद्दीत गेले. ते पत्र कोणत्या गावाहून निघाले होते आणि कोणत्या साली, हे त्या शिक्क्यावर लिहिलेले होते. आता ते तिच्या घरात कोणालाच सांगता येणार नाही.

त्या मुलीने प्रश्न विचारला होता, आणि वेळेवर विचारला होता. म्हणून आता त्या मंडळाच्या कागदावरचा पहिला प्रश्न असा आहे:

"मला जुने पाकीट सापडले आहे. त्यावरचे तिकीट कसे काढू?"

"काढू नकोस. पाकीट आहे तसेच घेऊन ये. जुन्या पाकिटावर तिकीट, शिक्का आणि पत्ता एकत्र असतात, तेव्हाच त्यांची गोष्ट पूर्ण होते. कात्री लावू नकोस, पाण्यात बुडवू नकोस."

या उत्तराकडे नीट पाहा. पहिले वाक्य दोनच शब्दांचे आहे आणि त्यात काय करायचे ते आले. घाईत असलेला मुलगा एवढेच वाचून थांबला तरी पाकीट वाचेल. कारण त्यानंतर आले आहे. कारण लिहावे, कारण ते समजले की नियम ध्यानात राहतो. पण ते आधी लिहू नये. काही जण उत्तराची सुरुवात इतिहासाने करतात. १८४० साली इंग्लंडमध्ये जगातले पहिले टपाल तिकीट निघाले, तेथून ते निघतात आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचेपर्यंत वाचणारा दमून जातो.

नव्या, साध्या पाकिटांवरची तिकिटे मात्र काढता येतात. हा वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न होता. उत्तर असे लिहिले आहे: "ओढून काढू नकोस. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून पाकिटाचा तुकडा काप. तो कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे ठेव. तिकीट आपोआप सुटेल. न सुटल्यास आणखी थोडा वेळ थांब. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या भांड्यात ठेव, नाहीतर त्याचा रंग दुसऱ्या तिकिटांना लागेल. ओले तिकीट कोऱ्या कागदावर उलटे ठेवून वाळव. वाळल्यावर जाड पुस्तकात दाबून ठेव. स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटे पाण्यात घालू नकोस. ती कागदासकट कापून ठेव."

उत्तर बरे वाटते ना? जुन्या सभासदांनाही ते बरे वाटले. पण असा कागद बरा आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. तो वापरणाऱ्यालाच कळतो. म्हणून पाचवीतल्या एका मुलाला बोलावले. तो मंडळात नव्हता. त्याच्यासमोर पाण्याचे भांडे, दोन-चार पाकिटे आणि हा कागद ठेवला. बाकीच्यांना ताकीद दिली की त्याने काही विचारले तरी कोणी बोलायचे नाही, फक्त तो कोठे अडतो ते पाहायचे.

तो दोन ठिकाणी अडला. 'कोमट' शब्दापाशी त्याने मान वर केली. त्याच्या घरी नीमगर्म म्हणतात, गुनगुना म्हणतात, पण 'कोमट' त्याने ऐकला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तर तो अडलासुद्धा नाही. त्याने बेधडक चुकीचेच केले. 'उलटे ठेव' हे वाचून त्याने तिकिटाचे चित्र डोके खाली, पाय वर असे ठेवले! बिचारा बरोबरच होता. 'उलटे' या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आले नव्हते. मग कागद बदलला. 'कोमट'पुढे 'म्हणजे बोट सहज ठेवता येईल इतके गरम' असे लिहिले. 'उलटे'च्या जागी 'चित्र कागदाकडे, डिंकाची बाजू वर' असे लिहिले. तुम्ही कागद लिहाल तेव्हा ही परीक्षा टाळू नका. पाच चुका सापडल्या तरी वाईट वाटून घेऊ नका. त्या चुका कागदाच्या आहेत, मुलाच्या नाहीत.

आता काही प्रश्न असे असतात की ते ऐकून हसू येते. प्रत्येक नवा मुलगा विचारतो, "माझे हे तिकीट जुने आहे. याचे लाख रुपये येतील का?" या प्रश्नाला हसू नका. त्याच्या घरी लाख रुपयांचा अर्थ काय असेल, हे आपल्याला माहीत नसते. उत्तर खरे द्या आणि त्यात एखादे उदाहरण द्या. जगातले पहिले तिकीट, ज्याला पेनी ब्लॅक म्हणतात, ते सुमारे ६ कोटी ८० लाख इतके छापले गेले होते. त्यामुळे ते इतके जुने असूनही आजही अनेक संग्राहकांजवळ आहे. संग्राहक म्हणजे जमवणारा. याउलट ब्रिटिश गियाना येथे १८५६ साली निघालेले एक सेंटचे किरमिजी तिकीट आज जगात एकच उरलेले आहे. २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. म्हणजे किंमत वयावरून ठरत नाही. किती उरली आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यावरून ठरते. कागदावर हे तीन ओळींत बसते. शेवटी एक ओळ जरूर घाला: "मोठ्यांना दाखवल्याशिवाय तिकीट कोणाला विकू नकोस, बदलूही नकोस."

"हे तिकीट कोणत्या देशाचे आहे?" हाही नेहमीचा प्रश्न. ब्रिटनच्या तिकिटांवर देशाचे नाव छापतच नाहीत, तेथे फक्त राजा किंवा राणीचे चित्र असते. काही देश आपले नाव आपल्या पद्धतीने छापतात. स्वित्झर्लंड 'हेल्व्हेशिया' छापतो, हंगेरी 'मग्यार', फिनलंड 'सुओमी', जपान 'निप्पॉन'. अशी आठ-दहा नावे कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावीत. इराण, पाकिस्तान आणि अरब देशांची तिकिटे मात्र तुम्ही स्वतः वाचू शकता. मराठी शाळेतल्या मुलांना तेथे तुमची मदत लागेल. शेजारच्या मराठी शाळेत असे मंडळ असेल, तर त्यांच्या कागदासाठी ही यादी तुम्ही करून द्या आणि त्यांच्याकडून तुमच्या कागदाची भाषा तपासून घ्या. हा सौदा दोघांच्या फायद्याचा आहे.

'आणे' लिहिलेल्या तिकिटांविषयीही प्रश्न येतात. उत्तर एका ओळीचे आहे: पूर्वी रुपयाचे १६ आणे होत, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. म्हणून आणे लिहिलेले भारतीय तिकीट त्याच्या आधीचे. महात्मा गांधींची १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली बहुतेक तिकिटे अशीच आहेत. त्यांच्यावर 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही लिहिलेला आहे. कधी पाहायला मिळाली तर तो शब्द शोधा.

आजकाल एक प्रश्न असा येतो, जो जुन्या संग्राहकांना कधी पडला नव्हता: "आमच्या घरी पत्रेच येत नाहीत. तिकिटे आणू कोठून?" खरोखरच आता निरोप फोनवर जातात आणि पार्सलावर छापील पट्टी असते. आखाती देशांतून मामा-चाचांची पत्रे येत, तीही बंद झाली. या प्रश्नाला "शोध म्हणजे सापडतील" असे उत्तर देणे म्हणजे उत्तर न देणेच होय. जागा सांगा. घरातली जुनी कागदपत्रे, वडीलधाऱ्यांच्या पेट्या, जुनी दुकाने आणि कार्यालये, एकमेकांशी अदलाबदल. नवी तिकिटे हवी असतील तर मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या टपाल कार्यालयांत संग्राहकांसाठी वेगळा विभाग असतो. तेथे दोनशे रुपये भरून खाते उघडता येते आणि नवी तिकिटे निघाली की ती घरी येतात. टपाल खात्याने २०१७ साली दीनदयाळ स्पर्श नावाची शिष्यवृत्तीही सुरू केली. ती सहावी ते नववीच्या, हा छंद असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि वर्षाला ६००० रुपयांची आहे. तिच्यासाठी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प यांतून निवड होते. ही माहिती कागदावर असलीच पाहिजे, कारण ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, तो ती विचारायला लाजतो.

पैशांच्या आणि नियमांच्या उत्तराखाली तारीख लिहा. दर बदलतात, नियम बदलतात. तारीख असली की वाचणाऱ्याला कळते, हे पुन्हा विचारून घ्यायला हवे. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर मंडळात कोणालाच येत नसेल, तर अंदाजाने काही लिहू नका. कोणाला विचारायचे ते लिहा. गावातले पोस्टमास्तर पुष्कळ वेळा आनंदाने सांगतात.

कागद केवढा असावा? माझ्या मते एका पानाचा, पुढून-मागून. दहा-बारा प्रश्न पुरेत. येथे जुन्या सभासदांशी तुमचा वाद होईल. त्यांना वाटेल, कागदात गुप्त छाप म्हणजे वॉटरमार्कविषयी हवे, दाते मोजण्याच्या पट्टीविषयी हवे, छपाईच्या प्रकारांविषयी हवे. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. त्यांच्यासाठी दुसरा कागद करा आणि तो सहा महिन्यांनी द्या. पहिल्याच दिवशी सगळे वाढले तर ताट भरलेले राहते आणि मूल उपाशी उठते.

कागदात वाचणाऱ्याला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', यावरही आमच्याकडे चर्चा झाली. उर्दूत आपण लहानांनाही 'आप' म्हणतो, म्हणून काहींना 'तू' उद्धट वाटले. पण मराठीत मोठी बहीण धाकट्या भावाला 'तू'च म्हणते आणि त्यात माया असते. शेवटी 'तू' ठेवले. तुम्हांला 'तुम्ही' आवडत असेल तर तसे करा, फक्त एका कागदात दोन्ही नकोत.

कागदाच्या तळाशी चार ओळी कोऱ्या सोडा. नव्या मुलाला आपला प्रश्न कागदात सापडला नाही, तर तो तेथे लिहील. पुढच्या जूनमध्ये कागद पुन्हा लिहाल तेव्हा त्या ओळी समोर ठेवा. आमच्या कागदाच्या कोऱ्या ओळींवर या वर्षी पहिला प्रश्न आला तो असा: "तिकिटावर शिक्का पडलेलाच नाही, तर ते पुन्हा पत्रावर लावले तर चालेल का?" त्याच्याखाली दुसऱ्याच अक्षरात उत्तर आहे: "नाही. एकदा पत्रावर लागून आलेले तिकीट पुन्हा वापरणे नियमाविरुद्ध आहे. पण संग्रहात चालेल. घेऊन ये." उत्तर लिहिणारी मुलगी सातवीतली आहे. गेल्या जूनमध्ये ती स्वतःच नवी होती.